आवाज हेडफोनचा की पॅडचा?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचे एक वाचक घरी मराठी ऑडिओबुकं वाचून रेकॉर्ड करतात आणि एडिटही स्वतःच करतात. हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप). मूळचे मखमली पॅड बसके झाले म्हणून त्यांनी बाजारातून जाड, लेदरसारखे पॅड आणून लावले. तेव्हापासून आवाज घुमतो आणि बोलणं मागे सरकल्यासारखं वाटतं. मित्राकडे सेनहायझरचा एचडी ६०० ऐकला, तर तो ‘एकदम मोकळा’ वाटला. आता एचडी ६०० घ्यावा, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घ्यावा की सोनीचा ७५०६, हा त्यांचा प्रश्न. शिवाय लोकलमध्ये बसून काम तपासलं तर चालेल का, हेही विचारलंय.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. सध्या नवा हेडफोन घेऊ नका. मूळ कंपनीच्या मखमली पॅडची एक जोडी मागवा, ती बसवा, आठवडाभर त्यावर काम करा आणि मग मित्राचा एचडी ६०० पुन्हा ऐका. आज तुम्ही ज्याला डीटी ७७०चा आवाज म्हणताय, तो डीटी ७७०चा आवाज राहिलेलाच नाही. तबल्याची पुडी बदलल्यावर बोल बदलला, तर आपण खोडाला दोष देत नाही. पॅडच्या बाबतीत मात्र सगळे सरळ हेडफोनला दोष देऊन मोकळे होतात.

पॅड ही कानाला टोचू नये म्हणून दिलेली गादी आहे, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर), पॅडची आतली भिंत आणि तुमचं डोकं मिळून एक छोटी खोली तयार होते आणि आपण ऐकतो ते त्या खोलीतून. खर्जाच्या भागात, म्हणजे साधारण १०० हर्ट्झच्या खाली, बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ही खोली दाबाच्या डबीसारखी वागते. डबीला फट असली की दाब निसटतो आणि बेस जातो. मखमलीतून हवा थोडी थोडी झिरपते. ही गळती इंजिनिअरने गृहीत धरलेली असते, ड्रायव्हरचं ट्यूनिंग तिच्यासकट केलेलं असतं. तुम्ही तिथे हवाबंद लेदरेट, म्हणजे नकली लेदर, लावलंत आणि गळती बंद केलीत. मुळातच बेस थोडा वर असलेल्या हेडफोनमध्ये बेस आणखी वर आला. तुमची ‘घुमतो’ ही तक्रार तिथून आली आहे.

‘बोलणं मागे गेलं’ याचं कारण वेगळं. जाड पॅडमुळे कान ड्रायव्हरपासून काही मिलिमीटर लांब गेला आणि खोलीचा आकारही बदलला. ८ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळपास पॅडच्या आतल्या पोकळीएवढी. अशा ठिकाणी पोकळी थोडी मोठी-लहान झाली, तरी कुठली वारंवारता उसळेल आणि कुठली दबेल हे बदलतं. त्यात मखमल वरचे सूर शोषते आणि गुळगुळीत लेदरेट ते परत फेकतं. म्हणून एकाच हेडफोनवर दोन पॅड लावले, की एकात ‘स’ टोचतो आणि दुसऱ्यात तो कुठेतरी हरवतो. ड्रायव्हर तोच, वायरही तीच.

आणखी एक गोष्ट तपासा. पॅड बदलताना ड्रायव्हरवरची फोमची पातळ चकती जागेवर आहे ना? जुने पॅड उचकटताना ती हमखास सुटते आणि दुकानातल्या टेबलावरच राहून जाते. चकतीशिवाय डीटी ७७० ऐकला तर वरचे सूर अंगावर येतात.

आता तुलना कशी करायची ते. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण गडबड इथेच होते.

पहिली अडचण लाउडनेसची. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की तो भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले होते. त्यामुळे दोन हेडफोनपैकी जो जरासा मोठा वाजतो, तो ‘भरदार’ वाटतो आणि जिंकतो. एचडी ६०० आहे ३०० ओहमचा, तुमचा ८० ओहमचा. एकाच जॅकमध्ये, एकाच नॉबवर दोन्ही सारखे वाजणार नाहीत. मित्राकडे तो कशाला जोडला होता आणि नॉब कुठे होता, हे कळल्याशिवाय ‘मोकळा वाटला’ या मताला मी फार किंमत देणार नाही. शिवाय एचडी ६००चा हा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, सगळीकडे ३०० नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्याही वर जातो. ज्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स जास्त आहे, त्याच्यावर याच हेडफोनचा बेस आपोआप थोडा फुगतो. म्हणजे हेडफोन, पॅड आणि अँप असं त्रिकूट ऐकायचं आणि नाव फक्त हेडफोनचं घ्यायचं, असा प्रकार होतो.

लेव्हल जुळवायला महाग यंत्र लागत नाही. मधल्या पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खरखराट), साधारण ५०० ते २००० हर्ट्झचा, दोन्ही हेडफोनवर लावा आणि कानाला सारखा वाटेपर्यंत नॉब फिरवा. दोन्ही जागांवर पेन्सिलने खूण करा. खर्जासकट पूर्ण नॉइज वापरू नका, कारण ज्या फरकाचा शोध घ्यायचा आहे तोच लेव्हल ठरवू लागेल.

दुसरी अडचण वेळेची. आवाजाच्या पोताची आठवण फार थोडा वेळ टिकते. पॅड काढून दुसरे बसवण्यात पाच मिनिटं गेली की कानातलं पहिलं चित्र पुसट झालेलं असतं आणि मग आपण आठवणीतल्या विशेषणांची तुलना करत बसतो. यावर एक युक्ती आहे. दोन्ही पॅड बदलू नका, एकच बदला. डावीकडे जुनी मखमल, उजवीकडे नवीन लेदरेट. आता स्वतःच्या आवाजातलं मोनो रेकॉर्डिंग लावा. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये उभा राहिला असता. इथे तो फाटतो: आवाजाचं अंग, म्हणजे छातीतून येणारा भाग, एका बाजूला झुकतो आणि ‘स’, ‘श’ दुसऱ्या बाजूला. कुठला पॅड काय वाढवतोय आणि काय खातोय, हे क्षणात, आठवणीवर विसंबून न राहता कळतं.

मात्र याआधी एक काम करा. दोन्ही बाजूंना सारखेच पॅड असताना आवाज मध्ये येतो का ते पाहा, नाहीतर ड्रायव्हरमधला फरक पॅडच्या माथी माराल. आणि वेगवेगळे पॅड लावल्यावर हेडफोन उलटा घालूनही ऐका, डावा कप उजव्या कानावर. झुकाव कपाबरोबर फिरला तर तो पॅडचा. झुकाव त्याच कानाकडे राहिला तर तो तुमच्या कानाचा. दोन कान सारखे ऐकत असतील असं गृहीत धरू नका. वर्षानुवर्षं एकाच बाजूने फोन धरणाऱ्यांना यात कधीकधी नको ते कळतं.

तिसरी अडचण डोळ्यांची आणि हातांची. हेडफोन डोक्यावर घातला की वजन, पकड, मखमल की लेदर हे लगेच कळतं. डोळे बांधले तरी उपयोग नाही. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या संशोधकांनी, म्हणजे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या गटाने, २०१३च्या सुमारास यावर तोड काढली. एकाच हेडफोनवर ईक्यूने, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून, वेगवेगळ्या मॉडेलांचे आवाज उभे करायचे आणि ऐकणाऱ्याला फक्त तेवढं ऐकवायचं. त्या कामातून जो पसंतीचा आलेख निघाला, त्यालाच आज लोक हार्मन टार्गेट म्हणतात. घरी आपल्याला तसं करता येणार नाही. पण किंमत आणि ब्रँड मनातून काढायला किती खटपट लागते, एवढं त्यातून नक्की कळतं.

मोजायचंच असेल तर घरगुती उपाय आहे. जाड प्लायवुडचा तुकडा घ्या, त्याला भोक पाडा, मागून छोटा कॉलर माइक असा बसवा की त्याचं तोंड पृष्ठभागाशी सपाट राहील. हेडफोनचा एक कप त्यावर दाबून रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमधून स्वीप, म्हणजे खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर, सोडा. मग पॅड बदला, कप त्याच जागी ठेवा, पुन्हा स्वीप. एकटा आलेख काहीही सांगत नाही, कारण प्लायवुडला कानाची पाळी नसते आणि आपल्या कानात ३ किलोहर्ट्झच्या आसपास जो नैसर्गिक उठाव असतो तोही नसतो. दोन आलेखांमधला फरक मात्र कामाचा. त्यातही ८-९ किलोहर्ट्झच्या वरचं मनावर घेऊ नका. कप दोन मिलिमीटर सरकला तरी तिथली चित्रं बदलतात.

काय ऐकायचं? परदेशी चाचणी यादीतली गाणी सोडून द्या, तुमचं काम बोलण्याचं आहे. ‘चांगला’, ‘चूल’, ‘जहाज’, ‘झाड’ असे दंत्य उच्चार आणि ‘चार’, ‘जेवण’ असे तालव्य उच्चार मुद्दाम वाचून रेकॉर्ड करा. दंत्य ‘च’मध्ये ‘त्स’सारखी जी ठिणगी असते ती वरच्या पट्ट्यात राहते, ती अति चमकत असेल तर हेडफोनचा ट्रेबल वर आहे आणि दोन्ही ‘च’ सारखेच बोथट येत असतील तर तो खाली आहे. खर्जासाठी डग्ग्याची एक ओढलेली मींड पुरते. मींड वर-खाली जाताना आवाज सलग राहिला पाहिजे. मध्येच एखादा सूर फुगला तर तिथे पॅडने केलेला उंचवटा आहे. तानपुरा मला स्वतःला फार उपयोगी वाटतो. जवारीच्या धाग्यात सगळा पट्टा भरलेला असतो आणि तो स्थिर असतो, त्यामुळे एका सुराचा रंग बदलला तरी लगेच कळतो.

सील तपासायला ४० हर्ट्झचा सूर लावून कप हातांनी अलगद दाबा. आवाज एकदम वाढला तर गळती आहे. चष्मा असेल तर तो काढून आणि घालून, दोन्ही प्रकारे करा. चष्म्याची काडी लेदरेटखाली फट पाडते, मखमलीत ती बरीचशी बुडून जाते. चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधलं ‘बेस दणदणीत’ हे वाक्य जपूनच घ्यावं.

आता मॉडेलांकडे येतो. डीटी ७७० मूळ पॅडवरही काही अगदी सरळ हेडफोन नाही. खाली भरलेला, आणि वर ८ किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार. तो ‘स’ वाढवून सांगतो, त्यामुळे नवशिके डी-एसर (‘स’ची धार कमी करणारं एडिटिंगचं साधन) जास्त लावतात आणि निवेदक बोबडा करून ठेवतात. पण रेकॉर्डिंग करताना कानावर घालायला उत्तम: बंद पाठ, आरामशीर, पार्ट मिळतात. लेदरेटच हवं असेल तर ३२ ओहमच्या आवृत्तीत कंपनीच तसे पॅड देते, तेव्हा बाजारातल्या अनोळखी जाड पॅडपेक्षा ते निदान ओळखीचे.

एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे आणि अजून बोलण्याच्या पट्ट्यात त्याला हरवणं सोपं नाही. माणसाचा आवाज माणसासारखा येतो. अगदी खालचा खर्ज मात्र उतरतो, पाठ उघडी असल्यामुळे. आणि उघडी पाठ म्हणजे आवाज दोन्हीकडून जातो: बाहेरचा पंखा, कावळे, शेजारच्यांचा मिक्सर आत, आणि तुमचा ट्रॅक बाहेर थेट माइकमध्ये. रेकॉर्डिंगला तो वापरू नका. रात्री एडिटला वापरा. याचेही पॅड वापरून बसके होतात. फोम दबला की कान ड्रायव्हरजवळ जातो आणि ओळखीचा तोल हळूहळू बिघडतो, इतका हळू की मालकाला कळत नाही. मित्राचा किती जुना आहे ते विचारा.

सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१चा. लोकेशनवरच्या साउंडवाल्यांच्या गळ्यात तो दिसतो ते उगाच नाही: हलका, घडी होणारा आणि तोंडाची चपचप, कपड्याची खसखस, हिस लगेच दाखवणारा. ऐकायला गोड नाही. चुका शोधायचं हत्यार म्हणून चांगला. पॅड पातळ, कान आत टेकतो, आणि आपल्या हवेत त्याचं काळं आवरण लवकर पापुद्रे सोडतं. त्याला मखमली पॅड लावायची पद्धत आहे, पण मग हवा झिरपते, बेस घटतो आणि मुळात चमकदार असलेला आवाज आणखी चमकतो. तुमच्याकडे जे झालं त्याच्या बरोबर उलट. एम५०एक्स चांगला आहे, पण खाली आणि वर दोन्हीकडे थोडा फुगवलेला. डीटी ७७० हाताशी असताना त्याच धाटणीचा दुसरा बंद हेडफोन घेऊन तुम्हाला नवीन काही ऐकू येणार नाही. एकेजीचा के२४० जुन्या स्टुडिओंमध्ये अजून लटकलेला असतो; अर्धा उघडा असल्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी त्यातून आवाज गळतो, बेस हलका. तुमच्यासाठी नको.

ऑटोईक्यू किंवा तसलं तयार करेक्शन लावत असाल तर ते आत्ता बंद करा. ती करेक्शनं मूळ पॅडवरच्या मोजमापावरून काढलेली असतात. पॅड बदलल्यावर ती तशीच ठेवणं म्हणजे भलत्याच हेडफोनची दुरुस्ती. आणि या घुमणाऱ्या पॅडवर ऐकून गेल्या काही महिन्यांत जी पुस्तकं पूर्ण केलीत, त्यांतला एखादा तुकडा नव्या पॅडवर ऐकून पाहा. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथेच हेडफोन फुगवत असेल तर एडिटर नकळत बेस कापतो आणि फाइल श्रोत्याच्या साध्या इअरफोनवर किरटी वाजते.

तुम्ही निवेदकही आहात म्हणून आणखी एक मुद्दा. पॅड जितका हवाबंद, तितका स्वतःचा आवाज हाडांमधून येऊन कानात कोंडतो. मग वाचताना माणूस नकळत आवाज हलका ठेवतो, अंग चोरतो. मखमलीत हे कमी होतं. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंत अनेक कलाकार एक कप कानामागे सरकवून बोलतात ते यासाठीच. तसं करायला हरकत नाही, फक्त मोकळ्या कपाचा फीड बंद करा, नाहीतर तो माइकमध्ये सांडतो आणि पंचवर, म्हणजे चुकलेला तुकडा पुन्हा वाचून जोडतो तिथे, कोरससारखा ऐकू येतो.

लोकलचं म्हणाल, तर तिथे बेसबद्दल काहीही ठरवू नका. गाडीची घरघर खालच्या पट्ट्यात असते, आणि नॉइज कॅन्सलिंग नसलेला बंद हेडफोन नेमका तोच पट्टा फारसा अडवत नाही. खर्ज झाकला जातो, आपण आवाज वाढवतो, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी जी मर्यादा सांगते ती आरामात ओलांडतो. पण एक गोष्ट लोकलमध्येच कळते: ठाणे सोडून गाडीने वेग घेतल्यावर एकही शब्द न निसटता प्रकरण ऐकता येतं का. तुमचा श्रोता तिथेच बसलेला आहे. त्यासाठी हा हेडफोन नेऊ नका, साधे इअरफोन घ्या आणि मूळ व्हॉल्यूम वाढवायची गरज कुठे पडते तेवढं टिपा.

पॅड घेताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काही शे रुपयांत मिळणारी ‘सेम टू सेम’ जोडी हातात घेऊन पाहा: फोमची जाडी, आतल्या भोकाचा आकार, कापडाची घट्ट वीण. मूळ पॅडशेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांनाच दिसतो. बाहेरच्या पॅडना माझा सरसकट विरोध नाही. लावल्यावर वर सांगितलेली एका कपाची चाचणी करा आणि मग ठरवा. लेदरेटच्या जोड्या स्वस्त मिळाल्या म्हणून साठवू नका. त्याचं पॉलियुरेथेन दमटपणामुळे पाकिटात पडल्या पडल्याही विघटित होतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत दमटपणाची कमतरता नसते. डोक्याला खोबरेल लावून हेडफोन घालणाऱ्यांचे तर पापुद्रे आणखी लवकर निघतात. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येतात. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात यासाठी दोन दिवस धरा, म्हणून मखमलीची एक जादा जोडी जवळ असलेली बरी. ओलसर फोम परत बसवलात तर वास येतो आणि फोम पुन्हा उभारी धरत नाही.